चहाला उकळी येईपर्यंत

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी अंबरनाथला ऑफिसात होते आणि समोर डबा उघडलेला होता. बाबांचा फोन दुपारी कधी येत नाही, त्यामुळे उचलतानाच मला काय ते कळलं होतं. "ताई गेली," ते म्हणाले. त्यांच्या मागे कोणीतरी स्ट्रेचर ढकलत नेत होतं, त्याची चाकं ऐकू येत होती. "तू डबा खाऊन घे, मग निघ. घाई करू नकोस." मी डबा खाल्ला. पूर्ण खाल्ला. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, "सगळं ठीक ना?" मी हसून म्हटलं, "हो, जरा घरी जावं लागेल." बदलापूरला जाणाऱ्या रिक्षात बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण हसलो. मंदा आत्याने ते पाहिलं असतं, तर तिथल्या तिथे टपली मारली असती. तिला माझं ते हसणं अजिबात चालत नसे.

मंदा आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. लग्नानंतर थोड्याच वर्षांत काका गेले, मूलबाळ नव्हतं. एका शाळेच्या ऑफिसात तिने नोकरी केली आणि बदलापुरातच, कात्रपला, पहिल्या मजल्यावरच्या छोट्या फ्लॅटमध्ये एकटी राहिली. माझे आईबाबा दोघंही नोकरीला मुंबईला जायचे, त्यामुळे मी शाळेतून थेट आत्याकडे जायचे आणि संध्याकाळी बाबा मला न्यायला यायचे. आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. बाबा चिडले की वर्तमानपत्राची घडी जास्त नीट घालतात, एवढंच. मी तशीच. इंग्रजी शाळेत तर मला 'गुड गर्ल' म्हणून त्याबद्दल शाबासकीच मिळायची. आत्या त्याच घरात जन्मलेली असून वेगळी कशी, हे मला कितीतरी वर्षं कोडं होतं. ती मुळात वेगळी नव्हती, हे मला नंतर कळलं.

नववीत असताना मी तिच्या सोफ्यावर बसून मोबाइलवर लोकांनी खेळलेल्या फुटबॉल व्हिडिओ गेमचे व्हिडिओ बघायचे. कात्रपमध्ये एक गेम पार्लर होतं, पण तिथे सगळी मुलंच असत, आणि मी दारापर्यंत जाऊन परत आले होते. ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. आत्या एकदा मागे येऊन उभी राहिली आणि बराच वेळ माझ्या खांद्यावरून बघत राहिली. "दुसऱ्यांनी खेळलेलं काय बघत बसतेस गं?" ती म्हणाली. "स्वतः खेळता येत नाही का हे?" येतं, पण त्याला मशीन लागतं, असं मी म्हटलं. त्या रविवारी आम्ही उल्हासनगरला गेलो. जुन्या इलेक्ट्रॉनिक्सच्या एका चिंचोळ्या दुकानात सिंधी दुकानदाराने आत्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "माताजी, ये बच्चों का आयटम है." आत्या पिशवी काउंटरवर ठेवत म्हणाली, "तो मैं क्या बुड्ढी दिखती हूँ? चालू करके दिखाओ. दो रिमोट चाहिए, और दोनों का सब बटन चलना मंगता." कंट्रोलरला ती शेवटपर्यंत रिमोटच म्हणाली. दुकानदाराला तिने तिथेच स्वतःविरुद्ध खेळायला लावलं, कारण बटणं चालतात की नाही हे त्याशिवाय कळणार कसं! तो अर्थातच जिंकला. आत्या त्याच्याकडे असं बघत होती की बिचारा म्हणाला, "माताजी, आपका पहला दिन है, जाने दो." घरी येताना रिक्षात मशीन तिच्या मांडीवर होतं, त्यावर दोन्ही हात. मग बदलापूर आल्यावर एकदम म्हणाली, "तो डावीकडूनच येतो. प्रत्येक वेळी डावीकडून. मला आधी कळायला हवं होतं."

आत्या तरुणपणी कबड्डी खेळायची, हे मला ऐकून माहीत होतं. पण ते खरं वाटलं ती गेम खेळायला लागल्यावर. स्क्रीनवर तिच्या खेळाडूकडे बॉल आला की ती श्वास रोखून धरायची. चढाईला जाताना धरतात तसा, ओठ बारीक हलत. त्यामुळे तिने श्वास सोडला की न बघताही कळायचं, बॉल गेला. मोठ्या क्लबांची नावं तिला माहीत नव्हती, आणि नकोही होती. हिरव्या टी-शर्टची एक टीम तिने निवडली, कारण तिच्या कबड्डी मंडळाचा टी-शर्ट हिरवा होता, आणि मग वर्षानुवर्षं तीच ठेवली. गोलकीपरला ती नावं ठेवायची, बॅकच्या पोराला "अरे, पाय धर त्याचा, पाय!" असं ओरडायची, आणि फुटबॉलमध्ये पाय धरत नाहीत हे सांगितलं तर म्हणायची, "म्हणूनच गोल होतात." शेजारच्या काकू एकदा काळजीने दारात आल्या. "मंदाताई, काही भांडण झालं का घरात?" आत्या टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली, "भांडण कसलं! तीन गोल खाल्लेत आम्ही."

आणि मी... मी हरले की हसायचे. पहिल्यांदा तिने मला अगदी शेवटच्या क्षणी गोल मारून हरवलं, तेव्हाचं मला आठवतं. हातांना घाम आला होता, कंट्रोलर निसटत होता, आणि समोर ती स्क्रीन तोच गोल पुन्हा पुन्हा, तीन बाजूंनी, सावकाश दाखवत होती. ज्यांनी हे गेम कधी खेळले नाहीत त्यांना हे हास्यास्पद वाटेल याची मला कल्पना आहे. स्क्रीनवरची ती माणसं खरी नसतात, मैदान खरं नसतं, हरल्याने काही बिघडत नाही. पण राग खरा असतो. त्या एका क्षणी मला माझ्या आत्याचा, जी मला रोज गरम पोळी वाढते त्या बाईचा, खराखुरा द्वेष वाटला होता. आणि मी हसून म्हटलं, "इट्स ओके आत्या, गेमच तर आहे."

आत्याने टीव्हीचा आवाज बंद केला. "काय ओके? कान बघ आरशात. लालबुंद झालेत."

"काही नाही गं..."

"सायू, हरल्यावर हसायचं नाही. माझ्या घरात तरी नाही." ती उठली, स्वयंपाकघरात गेली आणि चहाचं पातेलं गॅसवर ठेवलं. तिथूनच तिने नियम सांगितला, आणि तो नियम पुढे आमच्याकडे कायमचा झाला. जो जिंकेल त्याने चहा करायचा. चहाला उकळी येईपर्यंत हरणाऱ्याने वाटेल ते बोलायचं, वाटेल तितकं चिडायचं, जिंकणाऱ्याने उलटून बोलायचं नाही. उकळी आली की विषय संपला. कपात ओतल्यावर कोणी तोंड वाकडं ठेवायचं नाही.

त्या दिवशी उकळी आली तरी माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता. आत्या शांतपणे चहा ढवळत पाठमोरी उभी होती. तिने मुद्दाम पाठ केली होती, हे मला आज कळतं. पुढच्या काही वेळा मी फक्त "चीटिंग केलंस" एवढंच म्हणाले. मग एकदा जे सुरू झालं ते सगळं इंग्रजीतून आलं. माझा राग इंग्रजी शाळेतला होता ना. आत्या मागे न बघता म्हणाली, "मराठीत बोल की. माझ्यावर काय काय आलंय ते मलाही कळू दे." मला हसू आलं, पण मी मराठीत बोलले. आणि मराठीत बोलताना तो राग गोलवरून घसरत भलतीकडेच गेला. वर्गातल्या तीन मुली मी येऊन बसले की दुसऱ्या बाकावर जायच्या. कित्येक महिने. घरी मी सांगितलं नव्हतं, कारण सांगण्यासारखं काय आहे, असं वाटायचं. ते सगळं मी त्या स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बोलत होते आणि पातेल्यात कडेने बुडबुडे धरायला लागले होते. मला ते दिसलं आणि मी घाईघाईने वाक्यं आखूड करायला लागले. तेव्हा आत्याने भांडंभर गार पाणी घेतलं आणि चहात ओतलं. बुडबुडे बसले. "सिलेंडर संपत आला वाटतं," ती गॅसकडे बघत म्हणाली. सिलेंडर आदल्या दिवशीच लागला होता. मी मोकळी होईपर्यंत तिने आणखी एकदा पाणी घातलं. तो चहा इतका पाणचट झाला होता की आम्ही दोघींनी तो बिस्किटांबरोबर कसाबसा संपवला.

बाबांना हे काही पटायचं नाही. मला न्यायला आले की ते चपला न काढता दारातच उभे राहायचे. एकदा त्यांच्यासमोर मी "दोन गोल ऑफसाइड होते तुझे, आत्या!" असं ओरडले. बाबा कमालीचे अवघडले. "ताई, पोरीला काय चिडायला शिकवतेस?" आत्या चहा गाळत म्हणाली, "अरू, तू बोलूच नको. तू अजून तुझ्या दहावीच्या मार्कांवर चिडलेला आहेस." बाबांनी माझं दप्तर उचललं आणि जिना उतरले. घरी गेल्यावर वर्तमानपत्राची घडी फार सुंदर घातली.

पुढे इंटरनेटवरून अनोळखी लोकांशी खेळता येऊ लागलं. मी माइक कधी चालू केला नाही, त्याची कारणं मुलींना सांगावी लागणार नाहीत. आत्या माझ्या शेजारी बसून बघायची. एकदा समोरचा खेळाडू हरत होता, आणि मी आणखी एक गोल केल्याबरोबर तो खेळ अर्धवट सोडून निघूनच गेला. मी खूश झाले, कारण असं झालं की आपण जिंकलो असं धरतात. आत्या मात्र स्क्रीनकडे बघत राहिली. "उठून गेला? अर्ध्यातून?" खूप जण जातात, मी म्हटलं, कोणी तर कंट्रोलर भिंतीवर आपटतात. "त्याच्याकडे चहा ठेवायला कोणी नसेल गं," ती म्हणाली... आणि मग त्याच दिवशी, मी न विचारता, तिने तिच्या शेवटच्या सामन्याची गोष्ट सांगितली.

बदलापूर गावातलं मैदान. सेमीफायनल. तिचा संघ एका गुणाने मागे आणि शेवटची चढाई तिची. "एकीला शिवले होते. तशीच परत आले असते तर बरोबरी होती. पण मला जिंकायचं होतं. दुसरीला शिवायला वळले आणि घोटा पकडला गेला." खेळ संपला. मैदानातून बाहेर येताना ती सगळ्यांकडे बघून हसली. घरी आली, आजीने विचारलं तर म्हणाली, चालतं, खेळ आहे. जेवली. "कोणी काही बोललं नाही आणि मीही नाही. सगळ्यांना वाटलं, किती समजूतदार पोरगी आहे. मग मी मैदानावर परत गेलेच नाही. पाय काही मोडला नव्हता. नुसतं जावंसंच वाटेना. लग्न ठरेपर्यंत तिथून जायची वेळ आली तर मी मागच्या गल्लीने जायचे." तिने माझ्या हातातला कंट्रोलर घेतला, उगाच बटणं दाबली आणि परत दिला. "एका चहाच्या वेळात जे संपलं असतं, ते मी इतकी वर्षं धरून बसले. तू नको धरून बसू."

मागच्या वर्षी तिचं आजारपण निघालं. औषधांनी बोटांची जाणीव गेली. हातमोजे घालून भांडी घासल्यासारखं वाटतं, असं ती सांगायची. साडीची पिन लावता येईना, पेन धरता येईना. भेटायला येणारे तिला सांगायचे की मनाने खंबीर राहा, सगळं व्यवस्थित होईल, आणि ती म्हणायची, "हो हो, मी मजेत आहे." आणि हसायची. सगळे बाहेर पडताना एकमेकांना सांगायचे, मंदाताईंचं मानलं पाहिजे. मला मात्र त्या हसण्याची भीती वाटायची. मी दुसरं काही ओळखत नसेन, पण ते हसणं मला ओळखता येतं. ती पुन्हा मागच्या गल्लीने जायला लागली होती.

एका रविवारी मी टीव्हीवरचं क्रोशाचं फडकं काढलं, मशीन जोडलं आणि तिच्या हातात तिचा रिमोट दिला. "आता नको गं," ती म्हणाली. "बटण दाबलं की नाही तेच कळत नाही मला." मी म्हटलं, एकच मॅच. तिने हिरवी टीम घेतली. सुरुवातीलाच दिसलं की खेळ जमणार नाही. तिचा खेळाडू पळायच्या ऐवजी उभा राहायचा, पास द्यायच्या ऐवजी बॉल बाहेर जायचा. मी सहज तिला एखादा गोल करू देऊ शकले असते, आणि कोणीही तेच केलं असतं. पण ती जिंकली असती तर चहा तिला करावा लागला असता, आणि बोलायचा हक्क मला मिळाला असता. माझ्याकडे तेव्हा बोलण्यासारखं काही नव्हतं. तिच्याकडे होतं. मी गोल करत गेले. एकामागून एक. ती मध्ये एकदा माझ्याकडे वळली, तिने मला नीट बघून घेतलं, मग पुन्हा पुढे बघायला लागली. सात गोल झाले. मॅच संपली तेव्हा तिने श्वास सोडला आणि तोंडावर ते हसू आणलं.

"हसू नकोस आत्या," मी म्हटलं. "मी चहा ठेवते."

मी तिच्याकडे पाठ केली आणि गॅस इतका बारीक केला की ज्योत जेमतेम दिसत होती. आधी ती गोलकीपरला बोलली. मग बोटांना. मग तिला हॉस्पिटलच्या रांगेत बसवून ठेवणाऱ्यांना, खंबीर राहा म्हणणाऱ्यांना, देवाला, आणि लवकर निघून गेलेल्या काकांना. तिचा आवाज चढत गेला, फुटला, पुन्हा चढला. ती जे बोलली ते सगळं इथे लिहिणार नाही, ते तिचं आहे. एकच लिहिते. "मला नाही जायचं एवढ्यात," ती म्हणाली. मी किती वेळा गार पाणी घातलं ते मला आठवत नाही. शेवटी ती थांबली, नाक पुसलं, आणि मी उकळी येऊ दिली. तिने चहाचा घोट घेतला. "साखर कुठाय यात? नुसतं पाणी उकळलंयस." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता.

कप धुऊन मी निघाले तर बाबा जिन्यात, खालून चौथ्या-पाचव्या पायरीवर बसलेले. हातात तिच्यासाठी आणलेली शहाळी होती. किती वेळ बसले होते, कोण जाणे. दार नुसतं लोटलेलं होतं. "झोपली का?" त्यांनी विचारलं. नाही, जागी आहे, मी म्हटलं. ते वर गेले नाहीत. पिशवी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "तूच देऊन ये."

त्यानंतर ती लोकांना मजेत आहे असं सांगेनाशी झाली. "आज त्रास होतोय, उद्या या," असं सरळ सांगायची. काही जणांना त्याचं वाईट वाटलं. आम्ही अधूनमधून खेळत राहिलो, ती हरत राहिली, भांडत राहिली. शेवटच्या आठवड्यात तिला हॉस्पिटलमध्ये नेलं, तेव्हाही नर्सने "कशा आहात आजी?" विचारल्यावर ती म्हणाली होती, "आजी कोणाला म्हणतेस? वाईट आहे मी." नर्सलाच हसू आलं.

तेराव्यानंतर काही दिवसांनी बाबा आणि मी तिचा फ्लॅट आवरायला गेलो. बाबांनी पहिल्यांदाच तिथे आल्या आल्या चपला काढल्या. या सगळ्या दिवसांत ते रडले नव्हते. येणाऱ्याजाणाऱ्यांना खुर्च्या देत होते, पाणी विचारत होते, तिचे त्रास संपले असं सांगत होते. मीही काही वेगळी नव्हते. साड्या बांधून झाल्या, भांडी काढली, आणि मग बाबा टीव्हीसमोर उभे राहिले. फडक्याखालून त्यांनी तिचा रिमोट काढला. वापरून वापरून त्याच्यावरच्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. "यात गोल कुठून मारतात?" त्यांनी विचारलं.

मी मशीन लावलं. शेवटची निवडलेली हिरवी टीम आपोआप पुढे आली आणि बाबांनी ती तशीच घेतली. त्यांना काहीच येत नव्हतं. त्यांचे सगळे खेळाडू एका कोपऱ्यात जाऊन जमले. दोन वेळा त्यांनी स्वतःच्याच गोलकडे बॉल नेला. मी त्यांना अजिबात सोडलं नाही. मॅच संपल्यावर त्यांनी रिमोट मांडीवर ठेवला, त्यावर दोन्ही हात ठेवले आणि हसले.

"चालतं," ते म्हणाले. "खेळ आहे."

"हसू नका, बाबा," मी म्हटलं.

स्वयंपाकघरात अजून तेच पातेलं होतं, ते मी मुद्दाम बांधलं नव्हतं. मी पाणी, साखर, चहा पावडर घातली, गॅस बारीक केला आणि बाहेरच्या खोलीकडे पाठ करून उभी राहिले. मग बाबा म्हणाले, हा गोलकीपर अगदीच मूर्ख आहे. मग म्हणाले, बटणं फार लहान केली आहेत. आणि मग माझ्या मागे एक आवाज आला जो मी जन्मात ऐकला नव्हता. "मला न सांगता कशी गेली ती? मी खाली औषध आणायला गेलो होतो. पाच मिनिटं थांबायचं होतं ना. सगळी भांडणं माझ्याशी केली, आणि तेवढ्या पाच मिनिटांत..."

पातेल्याच्या कडेने बुडबुडे धरायला लागले होते. बाबा अजून बोलत होते. मी पिंपातून भांडंभर पाणी घेतलं आणि चहात ओतलं.